घरात कोणी अचानक गेलं होतं का?

कुलवृत्तांत तुमच्या मांडीवर उघडा आहे. कापडी बांधणी विटलेली, पानांना कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास. आपली शाखा काढून तुम्ही वाचताय: नाव, जन्मसाल, शिक्षण, नोकरी, पत्नीचं माहेरचं नाव, अपत्यं. मध्येच एका नावापुढे दोन शब्द येतात. ‘अल्पवयात वारले.’ हे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. पान उलटलं तर एका चुलत शाखेत पुन्हा तेच दोन शब्द.

कशानं वारले ते छापलेलं नाही. प्लेग, पटकी, साप, बाळंतपण ही नावं घरं विसरत नाहीत. या मरणाला मात्र नावच नाही. विचारलं तर ठरलेली उत्तरं मिळतात: उभ्या उभ्या गेले, काही कळलंच नाही, कुणाची तरी दृष्ट लागली.

त्या दोन शब्दांवर बोट ठेवा आणि तसंच ठेवून चला. त्यांचा अर्थ लावण्यात काही डॉक्टरांची अख्खी हयात गेली आहे. त्यांपैकी एका डॉक्टरच्या वाटेनं मला तुम्हाला न्यायचंय. पण त्या डॉक्टर अजून लहान मुलगी असतानाच्या लंडनपासून सुरुवात करावी लागेल.

लंडनमधलं एक शवागार. १९५०चं दशक. फरशीचा गारवा तळव्यांतून वर चढतो, फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरतात. टेबलापाशी डोनाल्ड टीअर उभे आहेत, शहरातले नावाजलेले न्यायवैद्यक तज्ज्ञ. खून, विषप्रयोग, अपघात, जे मरण पोलिसांना उलगडत नाही ते त्यांच्यासमोर येतं. आज समोर एक तरुण आहे. अंगावर ओरखडा नाही, पोटात विष नाही. टीअर हृदय उघडतात आणि थांबतात. तुम्हीही वाकून पाहा. डाव्या आणि उजव्या कप्प्यांमधला पडदा साधारण एक सेंटिमीटर जाडीचा असायला हवा. हा दुपटीहून जाड आहे. बाहेरची भिंत बरी आहे, पण पडदा मात्र आतल्या बाजूला फुगून आलेला, जणू रक्तानं बाहेर पडायची वाट त्यानं अडवून धरली आहे.

आता सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. निरोगी हृदयाचे स्नायुतंतू पाभरीनं पेरलेल्या ओळींसारखे दिसतात, सरळ, एकमेकांना धरून. इथे कुणीतरी बी मूठभर घेऊन फोकून दिल्यासारखं दिसतं. तंतू आडवे, तिरके, भोवऱ्यासारखे फिरलेले. अशा स्नायूतून विजेची लाट जाताना वाट चुकते. हृदय आकुंचन पावायचं सोडून नुसतं थरथरतं आणि माणूस काही सेकंदांत खाली कोसळतो.

१९५८ साली टीअर अशा तरुणांच्या हृदयांवर लेख लिहितात. त्यांपैकी बहुतेकांना मरण अचानक आलेलं होतं. ही स्नायूंचीच एक प्रकारची सौम्य गाठ असावी, असं त्यांना वाटतं. तो अंदाज पुढे टिकला नाही, पण डोळ्यांनी पाहिलेलं त्यांनी इतकं नेमकं लिहून ठेवलं की आजही या आजाराचा इतिहास तिथूनच सांगतात. दोनच वर्षांनी टीअर आणि त्यांचे सहकारी हाच आजार असलेल्या एका कुटुंबाची हकीकत छापतात. टेबलावरचा तरुण कुणाचा तरी मुलगा होता, कुणाचा तरी भाऊ होता. शवविच्छेदनात हे दिसत नाही, त्यासाठी घरी जावं लागतं.

म्हणून आता अटलांटिक ओलांडू या. कॅनडाच्या क्वेबेक प्रांताचा दक्षिणेकडचा कोपरा, अमेरिकेची सरहद्द हाकेच्या अंतरावर. गावाचं नाव कोॲटिकूक. दुभत्या गाई, नदी, चर्चचा मनोरा, फ्रेंच बोलणारी शेतकरी माणसं. इथल्या एका मोठ्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या तरणीताठी माणसं काम करता करता जातात. माँट्रियलहून पीटर पारे नावाचे डॉक्टर आणि त्यांचे सहकारी या घराण्याच्या मागे लागले आहेत. जुन्या डॉक्टरांना ‘फ्रेझर आणि पारे’ हे छातीच्या आजारांवरचं जाडजूड पाठ्यपुस्तक आठवत असेल. त्यातले फ्रेझर आणि पारे दोघंही या कामात आहेत.

त्यांच्या शेजारी बसून वंशावळ काढायला शिका. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. लग्नाची आडवी रेघ, लेकरांच्या उभ्या रेघा. मृत माणसावर तिरकी रेघ. आजार असेल तर चौकोन नाहीतर वर्तुळ काळं करायचं. क्वेबेकच्या चर्चांनी बारसं, लग्न आणि दफन यांच्या नोंदी शतकानुशतकं जपल्या आहेत. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या असतात, तशाच. हात चालत राहतो, कागद लांबत जातो आणि काळे ठिपके दर पिढीत उमटत जातात. एकही पिढी सुटत नाही. बापाकडून मुलाकडे जातात, तसेच आईकडून मुलीकडेही जातात. बाधित माणसाच्या प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. पारे यांचा हा लेख १९६१ साली छापून येतो.

आजाराला नाव मिळायला अजून वेळ आहे. पुढे त्याला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी म्हणतील, म्हणजे कारण नसताना जाड होत जाणारं हृदय. पण घराण्यातल्या माणसांना नावापेक्षा दुसराच प्रश्न पडलाय: माझ्या लेकराला आहे का? १९६१ साली याचं उत्तर जगात कुणाकडेच नाही. कागद गुंडाळला जातो.

वीस वर्षं पुढे या, बाल्टिमोरला. जॉन्स हॉपकिन्सच्या वॉर्डात पांढऱ्या कोटातले रेसिडेंट डॉक्टर धावपळ करतायत. १९७८ साली जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातून डॉक्टर झालेल्या क्रिस्टीन साइडमन इथे रेसिडेन्सीला येतात. ज्यांच्या वाटेनं मला तुम्हाला न्यायचं होतं, त्या डॉक्टर याच. सहकारी त्यांना प्रेमानं ‘क्रिकेट’ म्हणतात. याच रुग्णालयात १९८०च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा एका माणसाच्या शरीरात असं यंत्र बसवलं जातं, जे हृदय थरथरायला लागलं की आतूनच विजेचा झटका देतं. ते बनवणारे मिशेल मिरोव्स्की यांचे गुरू हृदयाच्या बिघडलेल्या ठोक्यांमुळे गेले होते आणि त्या दुःखातून हे यंत्र जन्मलं. टीअरच्या टेबलावरच्या तरुणाला वाचवू शकलं असतं असं हे साधन. पण ते बसवायचं कुणाला? कोसळलेल्याला बसवता येईल. उद्या कोसळणाऱ्याला आज कसं ओळखायचं?

पुढे बॉस्टनला क्रिस्टीन हृदयरोगतज्ज्ञ होतात. त्यांचे पती जॉनथन साइडमन जनुकांचे अभ्यासक आहेत. दोघं मिळून प्रयोगशाळा चालवतात. १९८४ साली हृदयातून स्रवणाऱ्या एका संप्रेरकाचा जनुक शोधण्यात त्यांचा मोठा वाटा असतो आणि हृदयरोगाकडे जनुकांच्या बाजूनं पाहता येतं, ही खात्री हातात येते. मला या जोडीचं फार अप्रूप वाटतं. एकीचे हात रोज रुग्णाच्या छातीवर, दुसऱ्याचे रोज परीक्षानळीत, आणि रात्री जेवणाच्या टेबलावर दोन्हींची गाठ. आपल्याकडे डॉक्टर आणि शास्त्रज्ञ ही दोन वेगळी गावं आहेत आणि त्यांच्यामध्ये एसटीसुद्धा जात नाही. या आजाराचं कोडं सुटलं ते दोन्ही गावांत ज्यांचं घर होतं अशा माणसांमुळे.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात गुंडाळलेला तो कागद पुन्हा उलगडतो. पारे यांनी वर्णन केलेलं घराणं आता आणखी वाढलं आहे. नातवंडं, पतवंडं. ईसीजी काढले जातात. आता इकोही आहे, त्यामुळे पडद्याची जाडी मोजायला मरणाची वाट पाहावी लागत नाही. आणि दंडाला पट्टा बांधून प्रत्येकाचं थोडं रक्त घेतलं जातं.

ते रक्त बॉस्टनला येतं. इथे थोडं रेंगाळा, कारण हे काम आता क्वचितच कुणी असं करतं. पेशी फोडून त्यांतली प्रथिनं काढून टाकली की नळीत पाण्यासारखा द्रव उरतो. त्यावर थंड अल्कोहोल हळूच ओता आणि नळी सावकाश कलती करा. दोन द्रवांच्या मध्ये काहीतरी पांढरं आकाराला येतं, देवापुढच्या फुलवातीसारखं मऊ आणि धाग्याधाग्याचं. काचेच्या कांडीनं ते गुंडाळून घ्या. हा त्या माणसाचा डीएनए. त्याच्या आईबापांचं आणि पणज्यांचं देणं तुमच्या कांडीवर गुंडाळलं गेलंय.

आता त्याचे तुकडे करायचे, जेलच्या वडीत घालून विजेनं पळवायचे, वडीवर पडदा अंथरायचा आणि त्यावर कागदी रुमालांचा ढीग रचून वर वजन ठेवायचं. रात्रभर कागद पाणी शोषतो आणि डीएनए पडद्यावर उतरतो. मग किरणोत्सारी फॉस्फरस लावलेला शोधक तुकडा त्यावर सोडायचा, एक्स-रे फिल्म लावायची आणि डबा उणे ७० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवून वाट पाहायची, कधी दोन दिवस, कधी आठवडा. लाल दिव्याच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतली की काळ्या पट्ट्या उमटतात. त्या पट्ट्या वंशावळीतल्या काळ्या ठिपक्यांशेजारी ठेवून बघायच्या: आजार जिथे जातो तिथे ही पट्टी जाते का? नाही. शोधक बदला. पुन्हा जेल, पुन्हा फ्रीजर, पुन्हा अंधारी खोली. मानवी जनुकांचा पूर्ण नकाशा अजून कुणाकडे नाही. १९८७ साली छापलेल्या पहिल्या नकाशात सगळ्या गुणसूत्रांवर मिळून चारशेच्या आसपास खुणा होत्या. अनोळखी देशात चारशे मैलाचे दगड, आणि त्यांतल्या एकाच्या जवळपास कुठेतरी हे घर.

मग एक खूण जुळते. चौदाव्या गुणसूत्रावरची. काळा ठिपका तिथे ती पट्टी, कोरा ठिपका तिथे पट्टी नाही, अख्ख्या घराण्यात. १९८९ साली छापलेल्या लेखात पहिलं नाव जॉन जार्चो यांचं आहे, आणि हा निव्वळ योगायोग नाही याच्या बाजूनं दोन अब्जांहून जास्त, विरुद्ध बाजूनं एक, असं गणित त्यात मांडलेलं आहे. एवढा आकडा डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून असं समजा: नाणं उडवलं आणि लागोपाठ ३१ वेळा छापाच पडला.

पत्ता मिळाला, पण घर कोणतं? त्याच वस्तीत दोन जनुक शेजारी शेजारी राहतात, हे इतर प्रयोगशाळांनी आधीच दाखवलेलं होतं. दोन्ही जनुक हृदयातल्या मायोसिन या प्रथिनाचे. मायोसिन म्हणजे होडीतले वल्हेकरी. त्याची डोकी शेजारच्या तंतूला धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा धरतात. असे असंख्य वल्हेकरी एका तालात ओढतात तेव्हा तुमचा एक ठोका पडतो. त्यांतल्या एका जनुकात एक बदल सापडतो. हे प्रथिन १,९३५ अमिनो आम्लांची माळ आहे. त्यातल्या ४०३व्या मण्याच्या जागी, आर्जिनिन असायला हवं तिथे, ग्लुटामिन आहे. जनुकातलं फक्त एक अक्षर बदललं, ‘जी’च्या जागी ‘ए’. कोॲटिकूकच्या शेतांत पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या माणसांचं कारण एका अक्षरात होतं. सप्टेंबर १९९०. लेखावर पहिलं नाव अँजा गाइस्टरफर-लोरन्स यांचं. हृदयाच्या स्नायूचा आनुवंशिक आजार एका जनुकापर्यंत असा पहिल्यांदाच नेऊन भिडवला होता.

प्रयोगशाळेत आनंद असणारच. पण तुम्ही तिथे थांबू नका. १९९१मध्ये चला, कारण या हयातीतलं सगळ्यात अवघड वळण तिथे आहे.

या वर्षी ही टीम दाखवते की नुसत्या रक्तावरून, इको अगदी निर्दोष असतानाही, कुणात तो बदल आहे हे सांगता येतं. आता तुम्ही डॉक्टरांच्या खुर्चीत आहात. समोर आई आहे, शेजारी तिचं दहा-बारा वर्षांचं धडधाकट पोर, पाय हलवत बसलेलं. ते खेळतं, पळतं, जिने चढतं. इको छान आहे. आणि तुमच्या हातातल्या कागदावर लिहिलंय की त्याच्यात ते अक्षर आहे.

तुम्ही काय सांगणार? पळू नकोस? किती वर्षं? हृदय जाड होईल का, कधी, किती, हे कुणालाच सांगता येत नाही. औषध नाही. १९६१ साली आईच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. १९९१ साली उत्तर आहे, पण त्यानं करायचं काय ते ठाऊक नाही. ज्ञान उपचाराच्या तीस वर्षं पुढे चालत होतं, आणि मधल्या त्या तीस वर्षांत आईसमोर बसायचं काम डॉक्टरलाच करावं लागलं. मला वाटतं, जनुक सापडणं जितकं मोठं तितकंच हे बसणंही मोठं. उत्तर नाही म्हणून ज्यांनी घराण्याकडे पाठ फिरवली नाही, वर्षानुवर्षं त्याच लोकांना बोलावून इको केले आणि विचारपूस केली, त्यांच्या नोंदींतूनच पुढचा रस्ता निघाला.

पुढची वर्षं भराभर जातात. १९९२मध्ये दिसतं की सगळे बदल सारख्याच क्रूरपणे वागत नाहीत. त्याच जनुकातल्या ६०६व्या जागेचा एक बदल असलेली माणसं जवळपास पूर्ण आयुष्य जगतात. १९९४मध्ये, वल्हेकरी ज्याला धरून ओढतात त्या तंतूच्या आणखी दोन प्रथिनांचे जनुक सापडतात, ट्रोपोनिन आणि ट्रोपोमायोसिन. ट्रोपोनिनमधल्या बदलांची तर धास्तीच वाटते: पडदा फारसा जाड नसतो, इको फसवा चांगला दिसतो, तरी माणूस जातो. १९९५मध्ये अकराव्या गुणसूत्रावरचं, मायोसिनला बांधून ठेवणारं प्रथिन. हा आजार एका जनुकाचा नाही, आकुंचन घडवणाऱ्या सगळ्या यंत्रणेचा आहे, हे आता उमगतं. याच काळात असंही कळतं की तो दुर्मीळ नाही. दर पाचशेतल्या एका माणसाला आहे.

त्या अकराव्या गुणसूत्रावर बोट ठेवा, कारण तिथून तुम्हाला फार मागे जायचंय.

सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीचा भारत. शेती नाही, गाव नाही, मराठी नाही, कुठलीच आजची भाषा नाही. एका मुलाचा जन्म होतो, आणि मायोसिनला बांधणाऱ्या त्या जनुकातली २५ अक्षरं त्याच्यात गळालेली असतात. कुणालाच काही कळत नाही. ते मूल वाढतं, त्याला पोरं होतात, पोरांना पोरं. हा बदल बहुधा तारुण्यात त्रास देत नाही. हृदय थकलंच तर उतारवयात, वंश पुढे गेल्यावर. म्हणून निसर्ग त्याला गाळत नाही. माणसं पसरतात, जाती होतात, बोली होतात, आणि २५ अक्षरांची ती मोकळी जागा त्यांच्यासोबत चालत राहते.

आता २००९. ही मोकळी जागा काही भारतीय कुटुंबांत सहा वर्षांपूर्वीच दिसली होती. मदुराईत संशोधन करणारे धंडपाणी, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले थंगराज आणि त्यांचे सहकारी तिला धरून देशभरच्या शंभराहून जास्त समाजांतल्या सहा हजारांवर लोकांचा डीएनए तपासतात. निकाल वाचताना हात कापतो: उपखंडातल्या साधारण शंभरांतल्या चौघांत हा बदल आहे. दक्षिणेत आणि पश्चिमेत जास्त, ईशान्येत जवळजवळ नाही. त्या अभ्यासात हा बदल असलेल्यांना हृदयस्नायूचा आजार होण्याची शक्यता सुमारे सातपट आढळली. घाबरून जाऊ नका, कारण बदल असणं म्हणजे आजार असणं नव्हे, आणि ज्यांच्यात तो आहे त्यातल्या कित्येकांना कधीच काही होत नाही. २०१८च्या एका अभ्यासानं दाखवलं की यातल्या काहींमध्ये त्याच जनुकात दुसराही एक बदल असतो, आणि त्यांच्या हृदयाचं वागणं वेगळं दिसतं. हे कोडं अजून सुटत आहे. पण एक गोष्ट ठसठशीत आहे. शंभरांत चार म्हणजे मुंबई लोकलच्या एका भरलेल्या डब्यात कितीतरी माणसं. बॉस्टन आणि क्वेबेकमधली गोष्ट म्हणून तुम्ही आतापर्यंत ऐकत होता. ती तुमच्या डब्यात बसली आहे.

पुन्हा बॉस्टन. १९९६ साली साइडमन दांपत्याच्या प्रयोगशाळेनं उंदीर घडवला होता, हृदयात तोच ४०३वा बदल असलेला. बदललेल्या मायोसिनची जास्त डोकी एकाच वेळी कामाला लागतात, म्हणजे वल्हेकरी विसावा घेत नाहीत, हे हळूहळू उलगडतं. हृदय कमजोर नाही, अति राबतं आहे. हे वाचल्यावर मला टीअरचं टेबल आठवतं. ज्या हृदयाला सगळे आजारी समजत होते, ते स्वतःला थकवून मारत होतं.

मग विचार येतो की वल्हेकऱ्यांना थोडं बसवून ठेवता येईल का? २०१२ साली क्रिस्टीन, स्नायूंच्या हालचालींचे जाणकार जेम्स स्पुडिच, लेस्ली लाइनवांड आणि इतर काही जण मिळून त्यासाठी एक कंपनी उभी करतात. २०१६मध्ये त्या उंदरांना हृदय जाड व्हायच्या आधीपासून एक लहान रेणू देतात. हृदय जाड होत नाही. २०२०मध्ये माणसांवरच्या मोठ्या चाचणीचे निकाल छापून येतात. ज्यांच्या हृदयाची वाट जाड पडद्यानं अडली होती अशा रुग्णांना चालताना, चढताना बरं वाटू लागलं. एप्रिल २०२२मध्ये अमेरिकेत या औषधाला, मावाकॅम्टेनला, परवानगी मिळते. जनुक सापडल्यापासून ३२ वर्षं, आणि कोॲटिकूकच्या वंशावळीपासून ६१. औषधाला मर्यादा आहेत. मात्रा जास्त झाली तर हृदयाचा जोर धोकादायकरीत्या कमी होतो, म्हणून ठरावीक काळानं इको करत राहावं लागतं. पण १९९१च्या खुर्चीत बसून जे सांगता येत नव्हतं, ते आता थोडं तरी सांगता येतं.

२०२३मध्ये त्याच प्रयोगशाळेत एक पाऊल आणखी पुढे पडतं. ४०३वा बदल असलेल्या उंदराच्या हृदयात विषाणूच्या पोटात घालून एक दुरुस्ती पाठवली जाते, जी त्या एका अक्षरावर जाते आणि ‘ए’चा पुन्हा ‘जी’ करते. त्या उंदरांना आजार होत नाही. माणसापर्यंत हे यायला किती वर्षं लागतील, मी सांगू शकत नाही. पण फिल्म धुवायच्या अंधाऱ्या खोलीतून आणि नळीतल्या त्या फुलवातीतून आलेल्या माणसाला त्या अक्षराशी अशी प्रत्यक्ष भेट घडताना पाहायला मिळावी, याचा मला मनापासून आनंद आहे.

आता तुमचा दिवाणखाना. कुलवृत्तांत अजून मांडीवर आहे, बोट अजून त्या दोन शब्दांवर. तुम्ही आत्याला फोन लावता.

“आत्या, तुझे धाकटे काका कशानं गेले गं?”

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती सांगायला लागते. “बाळा, त्याला झालं काय होतं? धडधाकट होता. विसर्जनाला नदीवर गेला, घाटाच्या पायऱ्या चढून वर आला, भिंतीला टेकून बसला, तो बसलेलाच. एक मात्र होतं. चढण लागली की त्याला धाप लागायची. आई सगळ्यांदेखत त्याला आळशी म्हणायची. मग त्यालाही तसंच वाटायला लागलं होतं.”

तुम्ही जवळचा कागद ओढता. एक चौकोन, त्यावर तिरकी रेघ. तो काळा करायचा की कोरा ठेवायचा, हे ठरवायला इको लागतो, आणि त्याचा इको झालेला नाही, होणारही नाही. चौकोनापुढे तुम्ही लहान अक्षरात लिहिता: चढणीला धाप.

“आणि त्यांना मुलं किती होती?”

“दोघं. थोरला नागपूरला असतो, मुलगी सांगलीला दिली. तिच्या थोरल्याला परवा शाळेत ग्राउंडवर चक्कर आली म्हणे, उपाशीपोटी गेला होता.”

तुम्ही चौकोनाखाली दोन रेघा काढता. एकीच्या टोकाला वर्तुळ, आणि त्याच्याखाली अजून एक लहान चौकोन.

“आत्या, सांगलीचा नंबर देतेस?”